पट्टी उतरवणारा कारभारी

सुहास पागनीसांना 'मॅनेजर' म्हटलेलं बिलकुल आवडत नसे. "मॅनेजर हॉटेलात असतो. मी बाईंचा कारभार बघतो," असं ते समोरच्याला तिथल्या तिथे सुनवायचे. खापरपणजोबा शिंदे सरकारच्या पागेवर होते, घोड्यांची निगा राखायचे. सुहासराव वीज मंडळातून निवृत्त झाले आणि नोकरीत असल्यापासून, म्हणजे तब्बल एकोणीस वर्षं, देवश्रीबाई टेंब्यांच्या गाण्याची निगा राखत होते. घोडे बरे हो, निदान आयोजकांचे फोन तरी घेत नाहीत!

त्यांची निगा म्हणजे काय, तर तारीख देण्याआधी आयोजकाच्या सात पिढ्यांची चौकशी. माइकवाल्याशी भांडण. ग्रीनरूममध्ये पंखा बंद, थर्मासात कोमट पाणी, आणि मंडळाच्या अध्यक्षाचं भाषण चार मिनिटांच्या वर गेलं की स्टेजच्या कडेला उभं राहून मोठमोठ्यानं खोकायचं. शाजापूरपासून देवासपर्यंतच्या आयोजकांनी त्या खोकल्याचा धसका घेतला होता. बाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, त्यांनी फक्त गायचं, हा सुहासरावांचा कायदा. बाईही नानाखेड्याच्या आपल्या फ्लॅटमधून निश्चिंतपणे निघत आणि निश्चिंतपणे परतत.

या सुखाच्या संसारात रुचिर आला.

रुचिर इंदूरच्या एका कंपनीचा. वय असेल अठ्ठावीस. मराठी घरातला, पण तोंडात अर्धी हिंदी आणि सुहासरावांना हाक 'अंकल'. त्यानं बाईंची माळवी निर्गुणी भजनं कुठेतरी ऐकली, थेट बाईंनाच फोन केला आणि तीन भजनं रेकॉर्ड करायचं ठरवूनही टाकलं. ती चालली तर तीन वर्षांचा करार होणार होता. कार्यक्रम, रेकॉर्डिंग, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळं कंपनी बघणार. सुहासरावांना हे कळलं चार दिवसांनी, तेही बाईंनी सहज सांगितलं म्हणून.

"अंकल, आजकाल मॅनेजर फक्त डेट्स नाही बघत," रुचिरनं त्यांना समजावलं. "कोण ऐकतंय, कितव्या सेकंदाला सोडून जातंय, सगळं स्क्रीनवर दिसतं."

"आणि गाणं दिसतं का रे त्या स्क्रीनवर?" सुहासराव भडकले. "आम्ही काय इतकी वर्षं झक मारली?"

रुचिर नुसता हसला. सुहासरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगायचं तर त्या आगीखाली निव्वळ भीती होती. करार झाला तर त्यांना सकाळी उठून करायला काय उरणार होतं? घरी कोणी नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाई हातून गेल्या की सगळंच गेलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

रेकॉर्डिंग टावर चौकाजवळच्या एका स्टुडिओत होतं. सुहासराव थर्मास घेऊन हजर झाले. पेटीवाले तात्या बाईंना अठरा वर्षं साथ करत आलेले, तेही आले, पण त्यांची पेटी कोणी उघडायलाच सांगितली नाही. कंपनीनं संगीताचा ट्रॅक आधीच तयार करून आणला होता. बाईंनी काचेपलीकडे उभं राहून त्यावर गायचं. हे दोघे काचेच्या अलीकडे, रुचिरच्या मागे, सोफ्यावर.

ट्रॅक सुरू झाला आणि तात्यांनी सुहासरावांचा दंड गच्च धरला.

"काळी पाच," तात्या पुटपुटले. "सुहास, ट्रॅक काळी पाचमध्ये आहे."

रुचिरनं बाईंच्या मोबाइलवर एक फॉर्म पाठवला होता. त्यात पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला सा धरून गाता ते, विचारलं होतं आणि बाईंनी भरून दिलं होतं, काळी पाच. पूर्वी असला कागद सुहासरावांच्या हातून गेल्याशिवाय बाईंपर्यंत पोचत नसे. आणि काळी पाचमध्ये बाई गेली सहा वर्षं गायल्याच नव्हत्या! फक्त हे बाईंना माहीत नव्हतं.

झालं होतं असं की पंचावन्नाव्या वर्षी बाईंचा आवाज वर चिरकायला लागला. सुहासरावांनी बाईंना काही न विचारता तात्यांना गाठलं. तात्यांची पेटी स्केल चेंजरची, म्हणजे पट्ट्यांचा अख्खा भाग सरकवून सूर उतरवता येतो आणि बोटं पूर्वीच्याच जागी फिरतात. आधी काळी पाचची पांढरी सहा केली, म्हणजे अर्धा सूर खाली, आणि दोन वर्षांनी आणखी अर्धा, काळी चार. तबलजीला गप्प बसवलं. बाईंचा घरचा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा दुरुस्तीच्या नावाखाली नेऊन त्याचाही सूर आतून उतरवून आणला. "बाईंना वाईट वाटायला नको," असं सुहासराव म्हणाले होते. आवाज पुन्हा मोकळा लागला तेव्हा बाईंनी गुरूंच्या फोटोला हार घातला.

काचेपलीकडे बाई अंतऱ्याला वर चढल्या आणि आवाज फाटला. पुन्हा घेतलं. पुन्हा फाटला. पाचव्या खेपेला बाईंनी घसा धरला आणि त्या ओशाळं हसल्या.

"मॅम, बहोत बढिया! झालं, पाणी प्या," रुचिर माइकवर म्हणाला. मग माइक बंद करून मागे वळला. "टेन्शन नका घेऊ अंकल. वरचे सूर सॉफ्टवेअरमध्ये खेचून घेतो. मॅमना कळणार पण नाही. उगाच त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचं?"

आता कोणाही शहाण्या माणसानं इथं मान खाली घातली असती. तात्यांनी घातलीच. पण सुहासरावांना दिसलं ते एवढंच, की पोरगा आयता तावडीत सापडलाय. ते ताडकन उठले आणि दार ढकलून आत शिरले.

"बाई, चला इथून! हा तुमचा आवाज मशीनमध्ये घालून ओढणार आहे, आणि तुम्हाला पत्तासुद्धा लागू देणार नाही. हे चोर आहेत!"

बाईंनी कानावरचे हेडफोन काढले. "पण ओढायची गरज का पडावी, सुहासभाऊ? मागच्याच महिन्यात हेच भजन गायले की मी. काळी पाचमध्येच ना?"

बाईंनी दारात आलेल्या तात्यांकडे पाहिलं. "तात्या, पेटी कोणत्या पट्टीत होती?"

"काळी चार," तात्या म्हणाले. आणि मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं, तानपुऱ्याच्या डब्यासकट.

"मी तुमच्याच भल्यासाठी..." सुहासरावांनी सुरुवात केली.

"थांबा." बाईंनी त्यांना रागानं तोडलं. "मला सांगितलं असतं तर मी रियाज बदलला असता. वर्षभर थांबले असते, डॉक्टरांना दाखवलं असतं. तुम्हाला ते थांबणंच नको होतं. मी घरी बसले तर तुम्ही काय करणार होतात? माझ्या गळ्याचा निर्णय तुम्ही घेतलात आणि सहा वर्षं मला मूर्ख बनवलंत. हा मुलगा तर आजच भेटलाय मला."

मग त्या रुचिरकडे वळल्या. "ट्रॅक काळी चारमध्ये करून आण. आणि माझ्या आवाजाला मला न विचारता हात लावलास तर तुलाही हाकलून देईन." रुचिरनं लगेच ते मोबाइलवर टिपून घेतलं. "सुहासभाऊ, तुम्ही या आता. उद्यापासून येऊ नका."

खोटं तरी काय बोलल्या होत्या बाई? सुहासराव थर्मास तिथेच विसरून जिना उतरले.

दीड महिन्यानं भजन मोबाइलवर आलं. सुरुवातीलाच बाईंचं एक वाक्य होतं, "आता मी काळी चारमध्ये गाते." सुहासरावांनी ते भजन सकाळपासून अकरा वेळा ऐकलं, कुठेतरी चूक सापडेल म्हणून. एकही सापडली नाही. गेल्या सहा वर्षांत बाई इतकं चांगलं गायल्या नव्हत्या.

त्यांनी बाराव्यांदा लावलं.