दोन दोरांची मोट

विज्ञानाच्या सरांची बदली झाली आणि हुशार मुलांचा शनिवारचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. मी इतिहासाची शिक्षिका. येलदरीच्या रस्त्यावरच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत आजूबाजूच्या गावांतून निवडलेली मुलं या वर्गाला यायची. त्यांनी स्वतःच्या हातांनी एखादं यंत्र बनवायचं आणि परभणीच्या प्रदर्शनात मांडायचं, असं ठरलेलं होतं. मला घरातला फ्यूजसुद्धा बदलता येत नव्हता. म्हणून मी माझ्या ओळखीच्या वाटेनं गेले. मुलांना म्हटलं, "आपल्या गावातलं एखादं बंद पडलेलं जुनं यंत्र शोधा. ते पुन्हा चालू करू."

मुलं मला शाळेमागच्या दगडी विहिरीवर घेऊन गेली. पाण्याची मोटार आल्यापासून त्या विहिरीच्या मोटेकडे, बैलांनी पाणी ओढायच्या चामडी पिशवीकडे, कुणी पाहिलं नव्हतं. काठावरचे दोन उभे दगडी खांब आणि बैल उतरायची उताराची वाट, म्हणजे धाव, तेवढी शाबूत होती. मोटेचं चित्र पुस्तकात होतंच. चामड्याच्या ऐवजी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापून मुलांनी पिशवी शिवली, तोंडाला लोखंडी कडं लावलं. खांबांवर चाक बसवलं. विहिरीवरच्या जाळीचा एक चौकोन सरपंचांनी उघडून दिला आणि स्वतः काठावर उभे राहिले. बैलांच्या जागी मुलांनीच दोर खांद्यावर घेतला आणि धावेवरून खाली पळत सुटली. भरलेली मोट वर आली. टाळ्या झाल्या. मी तर तेवढ्यावरच खूश होते.

नववीतली एक मुलगी मात्र टाळ्या वाजवेना. इतिहासात काठावर पास होणारी, माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणारी. ती म्हणाली, "मॅडम, मोट वर आली खरी, पण वतायची कुणी? माझा पंजोबा एकटाच मोट हाकायचा म्हणतेत. बैल खाली धावंवर, मोट वर विहिरीवर. एक माणूस दोन्हीकडं कसा असंल?"

"मलाही ठाऊक नाही," मी सांगितलं. मग म्हटलं, "पुस्तकात नसलं तर दगडांना विचारू." मुलं काठावर पालथी पडून दगड चाचपायला लागली. थोड्या वेळानं तीच ओरडली, "मॅडम, हितं बी घासलंय!" चाकाच्या बरंच खाली, पाणी पडायच्या कुंडीच्या तोंडाशी, दगडात दोराची गुळगुळीत खाच होती. म्हणजे दोर दोन होते. एक वरून जाणारा, एक खालून.

पुढचे कितीतरी शनिवार त्या दुसऱ्या दोरात गेले. मुलांनी पिशवीच्या बुडाला हत्तीसारखी लांब सोंड जोडली आणि तिच्या टोकाला बारीक दोर बांधला. तो दोर लांब राहिला की सोंड खाली लोंबायची आणि सगळं पाणी विहिरीतच सांडायचं. आखूड केला की मोट तिरपी होऊन अडकायची. भांडणं झाली. एका मुलानं रागानं दोर फेकून दिला, आणि पुढच्या शनिवारी तोच सगळ्यांच्या आधी हजर झाला. शेवटी त्या मुलीनं अंगणात खडूनं खांब, खाच, मोट सगळं मापात काढलं. सोंडेचं टोक मोटेच्या तोंडाबरोबरीनं वर आलं पाहिजे, आणि काठाशी आल्यावर तोंड वर चढत राहिलं तरी सोंड खालच्या खाचेतून कुंडीकडे वळली पाहिजे, हे तिनं बाकीच्यांना समजावलं. मलाही तेव्हाच कळलं.

पुन्हा दोर ओढला. मोट वर आली, सोंड आपोआप उलगडली आणि पाणी धबाधबा कुंडीत पडलं. काठावर कुणाचा हात नव्हता. धावेच्या तळाशी उभी असलेली मुलं ओरडत होती, "पडायलंय का पाणी? मॅडम, सांगा की!" मी वरून दोन्ही हात उंच करून हलवले.

परभणीला आम्ही बांबूचे खांब आणि मोठं पिंप घेऊन गेलो. एक परीक्षक बघून म्हणाले, "हे तर जुनंच आहे. यात नवीन काय?"

मी काही बोलायच्या आत ती मुलगी म्हणाली, "सर, ज्यानं पहिल्यांदा दुसरा दोर बांधला, त्याच्यासाठी हे नवंच हुतं. अन् आमाला कुणी सांगितलं नव्हतं. आमी दगडावरून वळखलं." मग दोर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी ओढला. पिंपातलं पाणी सोंडेतून थेट त्यांच्या बुटांवर. ते मनापासून हसले आणि आणखी दोनदा ओढून पाहिलं.

दुसरा नंबर आला. येताना टेम्पोत मुलं पहिल्या नंबरच्या यंत्रात काय चुकलं होतं, यावरच वाद घालत होती. मी पुढं बसून ऐकत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

यंदा विज्ञानाचे नवे सर रुजू झाले. मुख्याध्यापकांनी वर्ग त्यांच्याकडे द्यायचं ठरवलं, तर मुलं ऑफिसात जाऊन उभी राहिली. "सरांना बी घ्या, पण मॅडमला काढू नका." आता आम्ही दोघं मिळून वर्ग घेतो. सध्या जुन्या भिंतीतला चुना कसा मळला असेल, याच्या मागे लागलोय. अजून जमलेलं नाही. सगळ्यांचे हात पांढरे झालेत.