प्लग ओढल्यावर कळलेलं सॉफ्टवेअर

मंडळी, दुर्बीण आणि कॅमेरा चालवणाऱ्या ज्या सॉफ्टवेअरची मी महिनाभर इथे भलामण करत होतो, ते आज दुपारी लॅपटॉपमधून काढून टाकलं.

शनिवारी अमावस्या. ताऱ्यांचे फोटो काढायला जवादूच्या डोंगरात जायचंय आणि रात्र एकच मिळणार. म्हणून मैलापूरच्या घरी, हॉलमध्येच, दुर्बिणीला झाकण लावून रंगीत तालीम चालली होती. शेजारचे रावकाका, तंजावरकडचे मराठी, कॉफी पीत बघत होते. त्यांनी विचारलं, "मध्येच करंट गेला तर हे काय करतं?"

हे मी तपासलंच नव्हतं! इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात माझं कामच ते. नवं मशीन चालू असताना लाल बटण दाबून बघितल्याशिवाय मी पास करत नाही. घरी मात्र या सॉफ्टवेअरमधल्या ताऱ्यांच्या रंगीत नकाशांवर भाळलो.

नऊ फोटो झाल्यावर कॅमेऱ्याचा प्लग ओढला. माझं लाडकं सॉफ्टवेअर जागच्या जागी गोठलं. पुन्हा सुरू केलं, तर फोल्डरमध्ये एकही फोटो नाही.

मग दुसरं लावलं. दिसायला अगदी सरकारी फॉर्म. पुन्हा नऊ फोटो, पुन्हा प्लग ओढला. त्याने 'कॅमेरा सापडत नाही' असं सांगितलं, नऊही फोटो जपून ठेवले आणि प्लग लावताच दहावा सुरू केला.

शनिवारी हेच नेणार. रावकाकाही येतो म्हणालेत.

तुम्ही तुमच्या सॉफ्टवेअरचा प्लग कधी ओढून पाहिलाय? नसेल तर आज घरीच ओढा. डोंगरात तो आपणहून निघतो.