घरी दळलेलं सॉफ्टवेअर

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या भाऊंनी उभ्या आयुष्यात एकही सॉफ्टवेअर तयार घेतलं नाही. संबंधितांनी आधी खाली बसावं.

लखनौच्या गोमती नगरात आमची सर्वेक्षण संस्था आहे. तिथे बाकीचे आम्ही सांख्यिकीचं पॅकेज इंटरनेटवरून उतरवायचो, बटण दाबायचो आणि चहाला जायचो. भाऊ मात्र त्याचा मूळ कोड आणायचे आणि कंपायलरला हव्या तशा सूचना देऊन त्यातून पॅकेज स्वतः घडवून घ्यायचे. "बाजारचं पीठ खात नसतो बाप्पा मी," म्हणायचे. "गहू आणायचा, आपल्याला पाहिजे तसा दळायचा." अर्धं आयुष्य लखनौत काढूनही त्यांच्या तोंडातली अमरावती सुटली नव्हती.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. पडद्यावर चुकांच्या ओळींचा लोंढा आला की आपल्याला घाम फुटतो, याला भूक लागते.

"काय म्हणतंय, भाऊ?"

"फोरट्रानचा कंपायलर सापडत नाही म्हणते. समोर आहे ना. नवऱ्याला कपाटातले मोजे सापडत नाहीत, तसं."

मग ते त्याला कपाट दाखवायचे, म्हणजे सेटिंगमध्ये पत्ता लिहायचे, आणि गाडी सुरू व्हायची. त्यांची सर्वांत लाडकी सूचना एकच होती: हिशोब झपाट्याने कर, बारकाव्यांत अडकू नको. त्यामुळे त्यांचं काम सगळ्यांच्या आधी व्हायचं. आमच्या संचालिका, मॅडम, म्हणायच्या, "भाऊ साहब, आपकी मशीन तो उड़ती है." भाऊ नव्या जावयासारखे लाजायचे.

नवा कॉम्प्युटर आला तेव्हा तिथल्या कंपायलरने जुनी सेटिंग घेतलीच नाही. भाऊंनी नाइलाजाने पॅकेज साध्या सूचनांवर घडवलं आणि ताळा म्हणून बायकांच्या रक्तक्षयाच्या सर्वेक्षणाचा जुना हिशोब पुन्हा चालवला. ताळा जमेना. समोर डबा उघडा, झुणका गार, आणि भाऊ पडद्याकडे बघत बसलेले.

झालं होतं असं. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे तिकडच्या तालुक्यासारख्या गावगटात, पूर आल्याने आमची माणसं बऱ्याच गावांत पोचलीच नव्हती. तिथल्या बायकांचं रक्त तपासलं नाही, रकाने रिकामे राहिले. त्या लाडक्या सूचनेपायी जुनं पॅकेज रिकामा रकाना ओळखणंच विसरलं होतं. रक्त कमी आहे का, असं ते विचारायचं. रिकाम्या रकान्यातून 'हो' येत नसे. म्हणजे बाई ठणठणीत. असा अख्खा ब्लॉक ठणठणीत ठरला आणि लोहाच्या गोळ्यांच्या यादीतून गळला.

"अहवाल तर कधीच गेला, भाऊ," मी म्हणालो.

"हो ना. गोळ्या नाही गेल्या."

त्यांचं कंत्राट वाढवायचा कागद तेव्हा मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. भाऊंनी डब्याचं झाकण लावलं.

भाऊ आता अमरावतीला असतात. त्यांच्या इथल्या टेबलावर प्रिंटर आलाय, आणि आम्ही सगळे बाजारचं पीठ खातो. त्यांची आठवण निघाली की मला ती शेवटची बैठक दिसते. आरोग्य खात्याचे अधिकारी पुढच्या कामाबद्दल बोलायला आले होते, काजूची प्लेट फिरत होती, आणि मॅडमना न विचारताच भाऊ उभे राहिले.

"साहब, आपकी लिस्ट में एक ब्लॉक छूट गया है. गलती मशीन की नहीं, मेरी है. मैंने ही उसे जल्दी करने को कहा था."

अधिकाऱ्यांनी हातातला काजू प्लेटमध्ये परत ठेवला, भाऊंकडून ब्लॉकचं नाव लिहून घेतलं आणि तिथूनच खात्यात फोन लावला. आणि मग आमच्या मॅडम, ज्या शिपायाशीसुद्धा 'माफ कीजिएगा' म्हटल्याशिवाय बोलत नाहीत, पाहुण्यांसमोरच बोलून गेल्या, "भाऊ साहब, आप चुप भी तो रह सकते थे."