टपरीच्या खिळ्यावरची चाबी

माझ्या मुलीची गाडी चोरीला गेली तेव्हा गाडीला तिघांनी धक्का मारला. तिघेही आमच्या ओळखीचे होते. आत बसलेला तेवढा ओळखीचा नव्हता.

मुलगी डोळे तपासून चष्मे देते. पुण्यात एका मोठ्या दुकानात चार वर्षं हेच काम करायची. दोन वर्षांपूर्वी खामगावला परत आली आणि म्हणाली, इकडे ज्यांना दिसत नाही ते पुण्याला येत नाहीत, आपणच जायचं. ज्या दिवशी ज्या गावाचा बाजार, त्या दिवशी ती त्या गावात. गाडी माझीच, मी नोकरीत असताना घेतलेली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि पहिली चारचाकीही माझीच. हे मी सांगतो कारण खरं आहे. गाडी पांढरी, एकोणीस वर्षांची होती. मागची डावी काच खाली होत नसे, आणि स्टार्टरचा काही भरवसा नव्हता.

वडनेर भोलजीच्या बाजारात गाड्या एका चहाच्या टपरीमागे लागतात, एकीच्या मागे एक. आतल्याला निघायचं असलं की बाहेरच्या हलवाव्या लागतात. म्हणून ज्याने त्याने आपली चाबी टपरीच्या खिळ्यावर टांगून बाजारात जायचं. ज्याला गरज पडेल तो गाडी बाजूला घेतो आणि चाबी पुन्हा खिळ्यावर. हे मुलीला मीच शिकवलं होतं. "चाबी पर्समधी घेऊन फिरशीन, त लोकाइनं तुले कोठं शोधाचं?" असं म्हणालो होतो. तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं होतं.

त्या दिवशी एक माणूस आला. "पांढऱ्या गाडीची चाबी द्या, माझी मांगं अटकली," म्हणाला. टपरीवाल्याने दिली. गाडी सुरू होईना. त्याने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "भाऊ, जरा धक्का मारा." टपरीवाला, शेजारचा बांगड्यावाला आणि चहा पीत बसलेले एक रिटायर पोस्टमन, अशा तिघांनी धक्का मारला. गाडी सुरू झाली. हायवेकडे वळली. तिघं तासभर वाट पाहत बसले.

"आमाले वाटलं, गाडी गरम करून राह्यला," टपरीवाल्याने नंतर सांगितलं.

मुलगी तेव्हा एका खोलीत डोळे तपासत होती. तपासणीच्या काचांची पेटी तिच्याजवळ होती म्हणून वाचली. गाडीच्या डिक्कीत मागच्या खेपेचे अकरा तयार चष्मे होते. ते त्याच दिवशी वाटायचे होते.

मी बसने गेलो आणि सगळ्यांना घेऊन ठाण्यात गेलो. जाताना बसमध्येच तीन पानी अर्ज लिहून काढला होता. पंचायत समितीत बत्तीस वर्षं मी हेच केलं आहे. जमादारांनी पहिलं पान पाहिलं, उरलेली दोन मोजली आणि बाजूला ठेवली.

"चाबी कोणं देली?"

"म्या," टपरीवाला म्हणाला.

"मंग धक्का?"

"आमी तिघाइनं."

जमादारांनी तिघांचीही नावं लिहून घेतली. "दिसाले कसा होता?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बांगड्यावाला म्हणाला, "उंच होता." पोस्टमन म्हणाले, "बसला होता तो." टपरीवाला बराच विचार करून म्हणाला, "मले त साहेब, तो अंधुकच दिसला."

मुलगी मान खाली घालून म्हणाली, "साहेब, या तिघांचेही चष्मे गाडीतच आहेत."

जमादारांनी तेही लिहून घेतलं.

घरी आलो तर तिच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "चोर शिकलेला असन. तुमच्यावानी. इचारून नेली."

पहिले दोन दिवस मुलगी घरातच होती. कपाटं आवरली, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "पुण्याच्या दुकानात विचारते. ते मले केव्हाई घेतीन."

मी तिला समजावलं. मी कॉलेजात असताना सायकल चोरीला गेली होती आणि मी पुढचं वर्षभर पायी गेलो, पण बी.ए. सोडलं नाही, हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, हे मले पाठ हाय. शेवटचं वर्ष होतं म्हणून तुमी सोडलं नाई. आता मले झोपू द्या."

मला दुसरं काही येत नाही. मी बसून अकरा पत्रं लिहिली. तिच्या वहीतून नावं घेतली. मजकूर एकच: 'कळविण्यात येते की, आपला चष्मा वाहनासह चोरीस गेला आहे. सदर सेवा बंद करण्यात येत असून यापुढे आपण डोळ्यांची तपासणी अन्यत्र करून घ्यावी.' सकाळी तिच्यापुढे सह्यांसाठी ठेवली.

तिने एक वाचलं. "अन्यत्र कुठं?"

"ते तू सांग. पत्त्यासाठी जागा सोडली हाय."

पुढे मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ऐकणारे म्हणतात, काय डाव टाकला साहेबांनी. डाव वगैरे नव्हता. काम बंद केलं की लेखी कळवायचं, एवढंच मला माहीत. पत्रं खरोखरच पाठवायची होती, पाकिटंसुद्धा आणली होती.

ती अकराही पत्रं वाचत बसली. मजकूर एकच असूनही प्रत्येक वाचलं. एकाशी थांबली आणि म्हणाली, "या बाईले सुईत दोरा ओवता येत नाही. तिचा ब्लाउज शिवायचा धंदा हाय." मग पेन घेतलं. मला वाटलं सही करते. तिने रिकाम्या जागांत कोणाचा किती नंबर ते लिहिलं आणि त्याच कागदांवरून चष्मे पुन्हा बनवायला टाकले. पुण्याला फोन केला की नाही ते मी विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी आम्ही माझ्या स्कुटीवर वडनेरला गेलो. ती चालवत होती, मी मागे पेटी मांडीवर घेऊन. नांदुऱ्यापर्यंत मी पेटी दोनदा सावरली. नंतर म्हणाली, "बाबा, हालू नका."

टपरीवाला आम्हाला पाहून उभा राहिला आणि हात जोडले. मुलीने त्याला खाली बसवलं आणि चष्मा लावून दिला, कानामागे नीट बसवला. त्याने आधी बाजार पाहिला, मग स्वतःचं पातेलं पाहिलं आणि ते फडक्याने पुसलं. शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमी त लय म्हतारे हाय."

"हाव," मी म्हणालो.

तेवढ्यात मागून एक जण आला. "काका, त्या टेम्पोची चाबी द्या, माझी गाडी काढाची हाय." टपरीवाल्याने त्याला उजेडात उभं केलं. डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं. गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, सासरा कोण ते विचारलं. मग चाबी दिली आणि गाडी निघेपर्यंत टपरीबाहेर उभा राहिला.

मुलीने पेटी उचलली. स्कुटीची चाबी खिळ्यावर टांगली.

मी तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणालो, "पर्समधी ठेव ना बेटा."

"बाबा," ती म्हणाली, "मंग त्याले चष्मा कायले देला?"

आणि ती बांगड्यावाल्याकडे गेली. मी बाकावर बसून चहा मागवला. ती येईपर्यंत तीन कप झाले. खिळ्यावरची नजर मी काढली नाही.