घोरणं ऐकणारी छबुबाई

छबुबाईचा नवरा बंकट गेला तेव्हा दुपारचे तीन वाजले असावेत. नक्की वेळ कोणी पाहिली नाही. सगळे उसाच्या फडात होते.

शिरूर कासारजवळच्या त्यांच्या वस्तीतून दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला निघतात. छबुबाई आणि बंकट मिळून एक कोयता. नवरा-बायकोची जोडी मुकादम अशीच मोजतो. ते दुष्काळाचं वर्ष होतं. ज्या सहकारी साखर कारखान्यावर ते गेले होते, त्याला गाळायला ऊसच पुरेना. डिसेंबरातच गाळप थांबलं. माणसं गावी परतली, तीन आठवडे टँकरच्या पाण्यावर काढले, आणि मग मुकादमानं त्यांना कर्नाटकच्या हद्दीकडच्या दुसऱ्या कारखान्यावर नेलं.

बंकटला दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागली होती. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना त्याची कंबर धरायची. गोळी घेतली की धरायची नाही. फडावर एक जण त्या गोळ्या विकायचा. पहिल्या वर्षी एक पुरायची, मग दोन, मग चार लागायला लागल्या. गावी त्या मिळत नव्हत्या, म्हणून ते तीन आठवडे त्यानं कण्हत काढले. नव्या फडावर पहिल्याच दिवशी त्यानं पुन्हा चार घेतल्या, वर थोडी दारू प्याला आणि पाचटाच्या कोपीत जाऊन आडवा झाला.

छबुबाई पाणी प्यायला आली तेव्हा तो मोठ्यानं घोरत होता. बरी झोप लागली म्हणून तिनं त्याला हलवलंसुद्धा नाही. ती मोळ्या बांधायला परत गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा कोपीत आवाज नव्हता. बंकटचे ओठ निळे पडले होते आणि हात गार होता. तिथल्या डॉक्टरनं कागदावर हृदयविकार लिहिलं.

ती रडली नाही. गावी दिवस झाल्यावर दिराबरोबर परत फडावर गेली आणि उरलेला हंगाम तोडून आली. बायका म्हणायच्या, धक्का बसलाय, ओसरंल. तो ओसरला नाही. ती जेवायची, झोपायची, मुलीची वेणी घालायची. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायची.

दोन वर्षांनी वैद्यकीय महाविद्यालयातून मल्लिकार्जुन नावाचे तरुण डॉक्टर वस्तीवर आले. तालुक्यातल्या मृत्यूंच्या नोंदी वाचताना त्यांना एक गोष्ट खटकली होती. तिशी-चाळिशीतले धडधाकट तोडकरी हृदयविकारानं मरत होते, आणि तेही हंगामाच्या ठरावीक दिवसांतच. म्हणून ते घरोघर जाऊन बासष्ट प्रश्न विचारत होते. छबुबाईनं बासष्टच्या बासष्ट उत्तरं दिली. शेवटी डॉक्टरांनी कागदाबाहेरचा प्रश्न विचारला, त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?

"काई वाटलं न्हाई," ती म्हणाली. "मोळ्या बांधायच्या व्हत्या."

इतर घरं डॉक्टरांना दाद देत नव्हती. गोळ्यांचं नाव काढलं की दार लोटून घेत. छबुबाई सातवी शिकलेली होती. कागद तिच्या हाती देऊन पाहावा, असं डॉक्टरांना वाटलं. ती तयार झाली. पहिल्याच घरी बायनाबाई नावाची म्हातारी तिच्यावर उखडली. "माझा ल्योक नशेबाज नव्हता."

"माझा मालक बी नव्हता," छबुबाई म्हणाली. "किती गोळ्या घ्यायचा?"

म्हातारीनं लोटायला धरलेलं दार सोडलं. मग म्हणाली, "तीन."

असं करत ती माणूस गेलेली एक्केचाळीस घरं फिरली, पार पाटोद्याच्या बाजूपर्यंत. सव्वीस घरांत गेलेला माणूस गोळ्या घेणारा निघाला. त्यांतले सतरा जण मधे खंड पडल्यावर, परत सुरू केल्यापासून तीन दिवसांच्या आत गेले होते. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. ही औषधं अफूच्या जातीची. खंड पडला की शरीराची सवय मोडते. मग जुना डोस झेपत नाही, आणि वर दारू असली तर श्वास मंदावत मंदावत थांबतो. ते घोरणं झोपेचं नसतं. श्वास अडकत असतो.

छबुबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग असं माणूस सापडलं तर काय करायचं, तेवढं विचारलं. त्यांनी तिला कुशीवर वळवायला, तोंडानं श्वास द्यायला शिकवलं. ग्रामीण रुग्णालयात उताऱ्याचं इंजेक्शन ठेवायला लावलं.

पुढच्या दिवाळीनंतर वस्तीवर तोडीला निघायची, ट्रॅक्टरमध्ये सामान भरायची गडबड चालू होती. पाच महिने गावी राहिलेल्या सटवानं सकाळी ट्रॅक्टरवाल्याकडून मिळालेल्या गोळ्या जुन्या हिशेबानं घेतल्या होत्या. छबुबाई त्याच्या घरावरून चालली होती. आत घोरण्याचा आवाज आला आणि ती थांबली. सटवाची बायको गीताबाई भांडी बांधत होती. म्हणाली, झोपू दे, लांबचा रस्ता हाय.

छबुबाई सरळ आत गेली. सटवाला हलवलं, चिमटा काढला, तो जागा होईना. नखं काळीनिळी दिसत होती. तिनं गीताबाईला टेम्पो आणायला पिटाळलं आणि त्याच्या तोंडाला तोंड लावलं. रुग्णालयापर्यंत ती श्वास देत राहिली, टेम्पो खड्ड्यांतून उडत असताना दोन वेळा तिचा ओठ फुटला. सटवाच्या तोंडाला तंबाखूचा वास होता. इंजेक्शननंतर काही मिनिटांत तो उठून बसला, ओकला आणि सगळ्यांना शिव्या द्यायला लागला. औषधाचा अंमल पुन्हा चढू शकतो म्हणून डॉक्टरांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी तो तोडीला निघून गेला.

त्याला रुग्णालयात नेलं त्याच संध्याकाळी घरी येऊन छबुबाईनं चूळ भरली आणि पीठ मळायला घेतलं. तिची मुलगी शिवकन्या आता नववीत होती. तिनं आईचा फुटलेला ओठ पाहिला. मग तिनं विचारलं, "आप्पाच्या येळंला तुला हे ठावं असतं तर?"

"तर जगला असता," छबुबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. शिवकन्या रडायला लागली. आईनं हात पुसून तिला जवळ घेतलं. आपल्यालाही रडू येतंय का, याची तिनं वाट पाहिली. आलं नाही.

हंगामात गीताबाईचा फडावरून फोन आला. सटवा गोळ्या सोडत नव्हता, पण आता अर्धी घ्यायचा, आणि गोळीच्या दिवशी ती त्याला दारू पिऊ द्यायची नाही. तिथल्या चार बायका कोणी घोरतंय का ते ऐकायला दुपारी आळीपाळीनं कोप्यांतून चक्कर मारत होत्या.

त्यानंतरच्या दोन हंगामांत वस्तीतलं कोणी असं गेलं नाही. शेजारच्या गावातला एक गेला. त्याच्या घरी छबुबाई कागद घेऊन गेली, दारात चपला काढल्या आणि त्याच्या बायकोला पहिला प्रश्न विचारला.