वापरलेली सुई परत आणा

पनवेलच्या आमच्या केंद्रात सुईने नशा करणाऱ्यांना नव्या सुया फुकट मिळायच्या. एकाची सुई दुसऱ्याने टोचून घेतली की एचआयव्ही पसरतो, तो थांबावा एवढाच हेतू. आजूबाजूचे लोक मात्र आम्हाला नशेचं दुकान म्हणायचे. मी तिथली नर्स, त्यात तोंडाने फटकळ. ‘नशा सोडायला लावा ना, सुया कसल्या वाटता?’ असं कुणी म्हटलं की मी भांडायला उभी. सोडायला माणूस जिवंत तर हवा!

जवळच्या नेरे गावाकडचा एक जण न चुकता यायचा. चाळिशीचा, जमीन विकून बसलेला. त्याची रक्ततपासणी दर वेळी निगेटिव्ह यायची आणि तो कागद तो बायकोला दाखवायला घरी न्यायचा. तेवढाच एक कागद तिला धीर देणारा होता.

रस्त्यात सुया सापडतात अशी तक्रार आली, तेव्हा मी सगळ्यांना दम भरला, वापरलेली सुई परत आणायचीच. बाकीच्यांनी नुसतं हो हो केलं. हा मात्र स्वतःच्याच काय, इतरांच्याही सुया प्लास्टिकच्या बरणीत गोळा करून आणायला लागला. मला कोण कौतुक! मी सगळ्यांसमोर त्याला शाबासकी दिली.

एका सकाळी बरणी घेऊन येताना बस थांब्यावर पोलिसांनी त्याला धरलं. मी ओळखपत्र गळ्यात अडकवून चौकीत धावले. या सरकारी कार्यक्रमातल्याच सुया आहेत, मीच मागवल्यात, असं सांगून सांगून माझा घसा बसला. साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचं खातं वेगळं, आमचं वेगळं. वरून लेखी आणा.’’ आमच्या वरिष्ठांना फोन लावला, तर ते म्हणाले, ‘‘पोलिसांशी वाद नको, उद्या केंद्रच बंद करतील.’’ एरवी कुणाचंही न ऐकणारी मी फोन ठेवून बाजूला झाले. तो बाकावरून माझ्याकडे बघत होता. माझी मान वर होईना.

सुटल्यावर काही दिवसांनी तो आला. मी माफी मागितली. ‘‘दादा, जुन्या आणूच नका. नव्या तेवढ्या घेऊन जा,’’ म्हणत पाकीट पुढे केलं. त्याने ते हळूच माझ्याकडे सरकवलं.

‘‘नको ताई. खिशात घावली का परत नेतील. आता मी दोस्ताचीच वापरतो. ती माज्याजवल सापडत नाय.’’