शब्द न फिरवणारी म्हातारी

पोटुशी बाई दिसली की आमची म्हातारी तिला वरपासून खालपर्यंत बघायची आणि सांगून टाकायची, "मुलगी आहे." सगळ्यांना मुलगीच. परभणीला आमच्या गल्लीत ती निम्म्या वेळा चुकली. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच बरोबर आलं असतं, आणि नाण्याला चहा पाजावा लागला नसता.

एकदा म्हटलं, "इतकं चुकतीस, लाज कशी वाटत नाही गं?"

"मुलगा झाला तर माझी चूक काढायला कोण येतंय? पेढे वाटत सुटतात. आणि मुलगी झाली तर सासू आधीच रडून मोकळी झालेली असते. पोरीच्या तोंडावर तरी रडत नाही."

मी टोपी घातली नि बाहेर पडलो.

आम्ही दोघं नवरा-बायको पोराकडं आयर्लंडला आलो, तेव्हा सूनबाईला नुकतेच दिवस गेलेले. आपल्याकडं सोनोग्राफीच्या खोलीत पाटी असते, इथं लिंगनिदान होत नाही म्हणून. ती का लावावी लागली ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. इथं पाटी नाही. इथली बाई हसून विचारते, सांगू का? म्हातारीला ते पटेचना. पोराला पुन्हा पुन्हा विचारायची, "कळल्यावर पुढं काही करत नाहीत ना रे?"

"करतात की," पोरगा म्हणाला. "खोलीला रंग देतात."

पोरांना धीर कुठला. एका खासगी ठिकाणी लवकरच दाखवून आले. तिथली बाई म्हणाली, मुलगी वाटतेय, पण अजून फार लवकर आहे, माझ्या भरवशावर कपडे आणू नका. झालं. म्हातारीनं आपलं हिरवं लुगडं फाडलं आणि कुंची शिवायला घेतली, झालर लावून. "माझ्या हातानं बांधणार," म्हणायची. चष्मा सापडत नव्हता तरी शिवायची.

पाचव्या महिन्यात मोठी तपासणी झाली. मुलगा, आणि आता बहुतेक नक्कीच.

मी वाटच बघत होतो. "घे. मशीननं तुला पाडलं."

"मशीननं शब्द फिरवला," म्हातारी म्हणाली. "मी फिरवला का?" आणि झालर टाचत बसली.

सूनबाईला आठवा लागला आणि म्हातारीचं हृदय बंद पडलं. सकाळी चहा मागितला, तो प्यायला राहिली नाही. दुसऱ्यांच्या पोटातलं सांगत फिरायची, स्वतःच्या छातीतलं काही सांगितलं नाही.

मुलगाच झाला. मशीन बरोबर, म्हातारी चूक. चूक काढायला कोण येतंय, म्हणाली होती. मी आलो असतो की. एवढी वर्षं दुसरं काय केलं?

परवा नातवाला कुंची बांधली. गाठ मला नीट येत नाही, तिसऱ्यांदा जमली. बाबागाडी घेऊन सूनबाईबरोबर बाहेर पडलो, तर शेजारची आयरिश म्हातारी वाकून झालरीला हात लावत म्हणाली, "लव्हली लिटल गर्ल."

सूनबाईनं तोंड उघडलं. त्याआधी मीच म्हटलं, "येस. गर्ल."

"ग्रँड," ती म्हणाली आणि गेली. सूनबाई माझ्याकडं बघत राहिली. बघू दे. म्हातारीचा शब्द मी तरी कशाला फिरवू.